लाटसाहेबांचं शीड

ताडपत्रीत पाणी साचलं की शिवणाऱ्याची अब्रू गेली. हे मी धंद्याच्या पहिल्या पावसाळ्यात शिकलो आणि पुढची तीस वर्षं तेवढ्या एका धड्यावर घर चालवलं.

आखाडा बाळापूरला नांदेडच्या रस्त्यावर माझं दुकान. पाटीवर ‘महेबूब टेलर’ असं होतं, त्यामुळे नवखा माणूस आत येऊन शर्टाचं माप द्यायला हात पसरून उभा राहायचा. त्याला सांगावं लागायचं, बाबा, मी माणसांचं शिवत नाही. मी बैलांच्या झुली शिवतो, टेम्पोवरच्या आणि खळ्यावरच्या ताडपत्र्या शिवतो, लग्नाच्या कनाती शिवतो. माणसांचं, म्हणजे बायकांचे ब्लाउज, माझी बायको शमीम आतल्या खोलीत शिवायची. तिच्याकडे गर्दी जास्त आणि तक्रारीही जास्त. माझे बैल कधी बोलले नाहीत.

ज्यांनी हा धंदा पाहिलेला नाही त्यांना वाटतं, ताडपत्रीत शिवायचं ते काय? चार कडा दुमडल्या की झालं. तसं नसतं. जाड कापडाचे पट्टे एकमेकांवर चढवून, दोऱ्याला मेण लावून दुहेरी शिलाई मारायची. कडेच्या मुडपीत दोरी घालायची आणि हातभर अंतरावर पितळी डोळे, म्हणजे दोर ओवायच्या कड्या, ठोकायचे. हे सगळं असं जमायला हवं की चार कोपरे ताणून बांधले की ताडपत्री हलगीच्या कातड्यासारखी सपाट उभी राहावी. कुठे एक पट्टा बोटभर सैल गेला, की तिथे पोट सुटतं. पोटात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने शिलाई उसवते आणि गिऱ्हाईक भिजलेलं पोतं घेऊन दारात उभं राहतं. माझ्या ताडपत्रीला पोट सुटत नाही, असं कळमनुरीपर्यंत लोक म्हणायचे. या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. एक धनगर आजोबा आपल्या टकरीच्या एडक्यासाठी पावसाळी कोट शिवायला आले. त्याला बटणं हवी होती, कारण नाडी एडका खातो. मी सहा बटणं लावून दिली आणि अडीनडीला गळ्याशी एक नाडी. एडक्याने बटणं खाल्ली आणि नाडी ठेवली. दुसऱ्या एका प्रसंगात चूक माझीच होती. एका लग्नाची कनात मी इतकी मन लावून शिवली की तिला दार ठेवायचंच विसरलो. वरात आली, वाजंत्री वाजून थकली आणि कुणाला आत शिरता येईना. शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरून, बाशिंग सांभाळत, कनातीखालून रांगत आत गेला. त्याचा संसार चांगला झाला. माझ्याशी मात्र तो पुढे बोलला नाही.

पण आजही चार माणसं भेटली की विचारतात ते लाटसाहेबांचं.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचा कारभार परभणीहून चालायचा. वाघमारे मॅडम म्हणून एक बाई जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या भावाच्या शेतात हळद होती. आमच्या भागात हळद पिकते ती कंदासाठी. पण भादव्यात पानांच्या आत तिला फूल येतं, पांढरट-पिवळं, खाली हिरवी टोपली असावी तसं. त्या फुलाबद्दल मॅडमनी विलायतेच्या एका बागकामाच्या मासिकाला पत्र लिहिलं होतं. त्या पत्राला ज्यांनी उत्तर दिलं ते ह्यूगोसाहेब. चार वर्षं दोघांची पत्रं चालली. पाचव्या वर्षी पत्राऐवजी साहेब स्वतःच आले, एक बॅग आणि एक खुरपं घेऊन.

साहेब खरोखरीचे लॉर्ड होते. आमच्याकडे कुणी कामात अंग चोरलं की आपण म्हणतो, मोठा लाटसाहेब लागून गेलास. तो शब्द जन्मभर वापरला होता, पण त्याचा मालक कधी पाहिला नव्हता. हा उंच, वाकलेला, सत्तरीचा म्हातारा होता. कोपरावर ठिगळ लावलेला कोट, मातीने काळी झालेली नखं. आडनावात दोन आडनावं आणि मधे आडवी रेघ. ते कुणालाच उच्चारता येईना, म्हणून सगळं गाव त्यांना लाटसाहेबच म्हणू लागलं. साहेबांना तो त्यांच्या नावाचा मराठी अर्थ वाटला आणि ते वळून ‘ओ’ देऊ लागले.

मॅडमच्या भावाच्या वावरात ते एकेका फुलापुढे तासतास उकिडवे बसायचे. निंदणाऱ्या बाया पदराआड हसायच्या. एकीने मला विचारलं, “मास्टर, त्या म्हाताऱ्याचं काई हरवलं काय वावरात?”

“फूल पाहून राहिले ते.”

“हळदीचं? आमी तर कवा पायलंच न्हाई.” आणि मग त्या बायाही पानं बाजूला करून पाहू लागल्या.

साहेबांची हकीकत मला मॅडमकडून आणि थोडी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांत कळली. बापाचं मोठं घर होतं, साठ खोल्यांचं. साहेबांना लहानपणापासून दोनच नाद, बाग आणि शिडाची नाव. बाप म्हणे पलटणीत जा, ते गेले आणि छावणीत भाजी लावून आले. बापामागे तिकडच्या संसदेत वारसाने जागा मिळाली. तीस वर्षांत ते दोनदा बोलले. एकदा रस्त्याकडेची कुंपणाची झाडं तोडू नका म्हणून, आणि एकदा खिडकी लावून घ्या म्हणून. घराचं छप्पर सांभाळणं होईना तेव्हा घर विकलं, पण भिंतीआडची बाग आणि माळ्याची खोली ठेवली. तिथेच ते राहत होते. “बायकोला मी माळ्यापेक्षा कमी वेळा भेटलो,” असं ते हसत म्हणाले होते. मॅडमनी ते भाषांतर करून सांगितलं, पण त्या हसल्या नाहीत.

हळद पाहून झाल्यावर मॅडमच्या भावाने त्यांना इसापूरचं धरण दाखवायला नेलं. त्या वर्षी धरण काठोकाठ होतं. साहेब काठावर उभे राहिले, बोट ओलं करून वर धरलं आणि विचारलं, “इथे शिडाची नाव का नाही?”

 आमच्याकडे समुद्र नाही आणि होता असंही कुणी सांगत नाही. धरणावर मासे धरणारा किसन भोई होता, त्याची लाकडी नाव वल्ह्यांवर चालायची. साहेबांनी ती नाव चारी बाजूंनी थोपटून पाहिली, बैल पाहावा तशी. आणि तिसऱ्या दिवशी मॅडम साहेबांना घेऊन माझ्या दुकानात आल्या.

“महेबूबभाई, साहेबांना शीड शिवून हवंय.”

शीड हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. साहेबांनी खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर मोठा त्रिकोण काढला. मी म्हटलं, एवढंच? तिरपी ताडपत्री. दोन दिवसांत देतो. मी तंबूचं हलकं, घट्ट विणीचं कापड घेतलं आणि असं शिवलं की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो कुणीकडे जावं हे विचारत बसला असता. तीन कोपऱ्यांना चामड्याचं अस्तर, पितळी डोळे, कडेला दोरी. आयुष्यातलं उत्तम काम.

किसनच्या नावेत बांबूची डोलकाठी उभी केली, खाली एक आडवा बांबू. बाजूला दोन फळ्या लावल्या, नाव आडवी घसरू नये म्हणून. शीड चढवलं. ते नुसतं फडफडलं. वारा त्यावर आदळायचा आणि निघून जायचा. नाव खेकड्यासारखी बाजूबाजूने सरकत बेशरमीच्या झुडपात जाऊन बसली. काठावरची म्हसरंसुद्धा पाहत राहिली.

साहेब गुडघाभर चिखलातून बाहेर आले, शिडावरून हात फिरवला आणि मॅडमला काहीतरी बोलले. मॅडम म्हणाल्या, “ते म्हणतात, ही अतिशय उत्कृष्ट ताडपत्री आहे.”

इंग्रज माणूस शिवी कशी देतो ते मला त्या दिवशी कळलं.

“मग बिघडलं काय?” मी विचारलं.

“ते म्हणतात, शिडाला पोट लागतं. वारा आत बसायला जागा लागते. तुमचं फार सपाट आहे.”

मी घरी आलो आणि डोक्याला हात लावून बसलो. ज्या पोटाशी इतकी वर्षं भांडलो तेच आता शिवून द्यायचं. सैल शिवलं तर सुरकुत्या पडत होत्या, ताणून शिवलं तर सपाट होत होतं. दोन दिवस उसवणं आणि शिवणं चाललं. शमीम आतून काज करता करता पाहत होती. घरात आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, “कपडा सीदा है जी, पन हवा थोडीच सीदी है?”

मी म्हटलं, तुला काय कळतं शिडातलं.

तिने एका बाईचा कापलेला ब्लाउज आणून माझ्या मांडीवर टाकला. कापड सपाटच असतं, तिने दाखवलं, पण अंगाला गोलाई असते. म्हणून आपण कापड सैल सोडत नाही. जोडाच्या ठिकाणी टोकाला थोडं आत घेतो, मधे सोडतो. मग सपाट कापड आपोआप फुगतं आणि सुरकुती पडत नाही. शिडाच्या पट्ट्यांच्या कडा सरळ कापू नको. टोकांना बोटभर खा, म्हणजे शिलाईत आत घे, मधे काही खाऊ नको.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा फरशीवर कापड पसरून शमीम कडा कापत होती आणि मी खडू धरून बसलो होतो. साहेब वाकून पाहत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची हॅट काढली आणि ती छातीशी धरून उभे राहिले. मॅडमनी सांगितलं की त्यांच्याकडे हे काम शिकायला माणसाला वर्षानुवर्षं लागतात.

शमीम मान वर न करता म्हणाली, “त्यांना सांगा, ब्लाउज बिघडला तर बाई दारात येऊन भांडते. वारा काई दारात येत न्हाई. हे काम सोपं हाय.”

शीड शिवून होत आलं आणि तेवढ्यात वाघमारे मॅडम एकट्याच दुकानात आल्या. चेहरा उतरलेला.

“महेबूबभाई, तयार झालं का?”

“सांजच्याला होईल.”

“होऊ देऊ नका.”

कॉलेजच्या फोनवर साहेबांच्या मुलीचा, एलेनॉरचा, फोन आला होता. मागच्या वर्षी साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बागकाम चालेल म्हटलं होतं, नाव मात्र पूर्ण बंद. मुलीने त्यांना इथे येऊ दिलं ते नकाशात पाहून, की हिंगोली समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, तिथे बाप काय करणार? आता बापाच्या पत्रात ‘माझा शिंपी’ असा उल्लेख वाचून तिला शंका आली होती. बाप कपडे कधीच शिवून घेत नसे.

“मी त्यांना तोंडावर न्हाई कसं म्हणू?” मॅडम म्हणाल्या. “तुमी काई तरी करा.”

मी काय करणार? साहेब आले तेव्हा मी मशीनकडे बोट दाखवलं आणि हात हलवले. मशीन खतम.

खोटं बोललं की त्याच्याबरोबर राहावं लागतं. साहेब रोज सकाळी येऊन दुकानातल्या स्टुलावर बसू लागले, त्यामुळे मला त्यांच्यासमोर दुसरं कामही करता येईना. आणि दिवस नेमके सोयाबीन काढणीचे. ढग दाटलेले, खळ्यावर माल उघडा आणि गिऱ्हाईक ताडपत्रीसाठी रांगेत. पुसेगावहून आलेला एक जण म्हणाला, “मास्टर, परवा तर चालू व्हती मशीन.”

“बंद पडली.”

“अशी कशी बंद पडली? मी पायतो.”

“नको पाहू बाबा,” मी त्याला डोळा मारला. त्याला वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलं. तो मशीन सोडून माझा डोळा पाहू लागला.

साहेबांनी एका शब्दाने घाई केली नाही. चहा प्यायचे. दुकानापुढच्या उकिरड्याच्या जागेत त्यांनी खुरप्याने वाफा केला, कुठून तरी कण्हेरीच्या फांद्या आणून लावल्या. शेजारच्या वाण्याच्या तुळशीला पाणी घातलं. सहाव्या दिवशी मात्र ते तेलाची बुधली आणि पेचकस घेऊन आले. मी मधे पडेपर्यंत मशीनचं झाकण उघडलंही होतं. त्यांनी चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली, लोण्यासारखी. एकदा माझ्याकडे पाहिलं. झाकण परत लावलं, पेच घट्ट केला आणि हात पुसत मान हलवली. मॅडम संध्याकाळी आल्या तेव्हा ते त्यांना म्हणाले, “मास्टरच्या मशीनचा आजार फार गंभीर आहे. माझ्या मुलीने फोन केला होता का?”

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. मॅडमनी साहेबांना फोनचं सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. मॅडमच्या मार्फत एवढंच म्हणाले, “झाडं मी पुढच्या लोकांसाठी लावतो. सफरचंदाचं झाड लावतो तेव्हा मला माहीत असतं की फळ दुसरा खाणार. नाव तेवढी माझी आहे. मी मुलीला आज पत्र लिहितो की तुम्ही सगळ्यांनी मला अडवलं आणि मी ऐकलं नाही. एकटा जाणार नाही, हेही लिहितो.”

“मग कोन जाईल संगं? किसन?” मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्याकडे रिवाज आहे म्हणे, की नवं शीड शिवणाऱ्याने पहिल्या फेरीला नावेत बसायचं. फाटलं तर तोही पाण्यात.

मला पोहता येत नव्हतं. मी आंघोळीलाही बादली घेणारा माणूस. पण सहा दिवस खोटं बोलल्यानंतर नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. असा काही रिवाज नाही, हे मॅडमनी पुढे कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि मला दोन वर्षांनी सांगितलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही इसापूरला गेलो. पोरं विहिरीत पोहायला शिकताना बांधतात तसे मी पाठीला दोन रिकामे प्लास्टिकचे डबे बांधले होते. किसन म्हणाला, “मास्टर, भिऊ नका, मी तराफ्यावर मागं मागंच हाव.” साहेबांनी मला दोरी दिली आणि खुणा करून शिकवलं. नाव फार कलली की दोरी सोडायची. शीड फडफडलं की ओढायची. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते. वळताना आडवा बांबू डोक्यावरून फिरतो, तेव्हा वाकायचं.

शीड चढलं. वारा त्यात शिरला आणि बसला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. शमीमने कापलेल्या त्या कडा फुगल्या, एकही सुरकुती नाही, आणि दोरी माझ्या हातात जिवंत झाली. नाव उचलल्यासारखी निघाली. किसनचा तराफा बघता बघता मागे बारीक झाला. मागं मागंच असलेला तो माणूस नंतर दिसेनासाच झाला. साहेब सुकाणूशी ताठ बसले होते. पाठीचा बाक गेला होता. मी सगळ्या पिरांची नावं घेत होतो, पण मधेच लक्षात आलं की मी हसूनही राहिलो आहे.

अर्ध्या धरणात गेलो आणि वारा पडला. एकदम, दिवा विझावा तसा. शीड लोंबलं. पाणी काचेसारखं. साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, सुकाणू माझ्या हातात दिलं, पुढच्या फळीवर पाय पसरले आणि हॅट तोंडावर ओढून घेतली.

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. मी हाक मारली, “साहेब.” काही नाही. “लाटसाहेब.” या हाकेला ते हमखास ‘ओ’ देत, पण आताही काही नाही. त्यांचा एक हात फळीवरून खाली लोंबला होता, बोटं पाण्याला लागत होती. छाती हलते का ते पाहावं तर कोट जाड. उठून जवळ जावं तर नाव डुलते. मला मुलीचा फोन आठवला, ऑपरेशन आठवलं.

चारी बाजूंना पाणी, नावेत विलायतेचा मेलेला लॉर्ड आणि पाठीला दोन डबे बांधलेला मी. पोलिसांना काय सांगू? त्या पोरीला कुठल्या भाषेत सांगू? शीड मीच शिवलं, हे कुणाला लपणार होतं? आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती, की तो म्हातारा मला आवडू लागला होता. माझे डोळे भरून आले. मी कलमा म्हटला. मग वाटलं, त्यांच्या धर्माचं काही येत नाही, म्हणून शाळेत रोज म्हणायचो ती प्रतिज्ञा म्हटली. तेवढीच एक गोष्ट मला अशी पाठ होती की जी सगळ्यांची आहे.

तेवढ्यात मानेला वारा लागला. उलट्या बाजूने. शीड एकदा हललं आणि फडफडायला लागलं. मी दोरी ओढली. नाव निघाली, पण भलतीकडेच, समोर पाण्यात उभ्या असलेल्या वाळल्या बाभळीकडे. धरणात बुडालेलं जुनं झाड होतं ते, टोकदार फांद्यांचं. मनात म्हटलं, लॉर्ड तर गेला, निदान शीड तरी फाटू नये. दांडा ढकलला, चुकलं, उलटा ढकलला. मी वाकलो, आडवा बांबू डोक्यावरून गेला, नाव बाभळीला घासून वळली आणि काठाकडे तोंड करून चालायला लागली. दोरी कुठे सोडायची, कुठे ओढायची, ते हाताला कळू लागलं होतं. शिडाच्या पोटाकडे पाहायचं, ते भरलेलं ठेवायचं, बस. काठावर मॅडम, शमीम आणि कसाबसा परतलेला किसन दिसू लागले. मी रडत होतो आणि नाव चालवत होतो.

काठ पन्नास हातांवर आला तेव्हा हॅटखालून आवाज आला. इंग्रजीत, पण समजला. “थोडं डावीकडे, मास्टर.”

मी दांडा सोडून दिला. नाव गाळात जाऊन रुतली आणि मी तोंडावर पडलो. डबे पाठीवर असल्याने पाण्यात न पडताही तरंगल्यासारखा दिसत होतो, असं शमीम अजून सांगते.

मॅडम धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, “इचारा त्यांना, कवापासून जागे होते?”

साहेबांनी उत्तर दिलं, “झाडाजवळून वळलो तेव्हापासून.”

“मग बोलले काहून न्हाई?”

“तू चांगलं चालवत होतास.”

त्यानंतर साहेब दर वर्षी हळद फुलायच्या सुमाराला यायचे, सहा-सात वर्षं आले. मुलीने पुढे अडवलं नाही, नुसत्या गोळ्यांच्या पुड्या मॅडमच्या नावाने पाठवायची. तिकडच्या सरकारने वारसाने बसणाऱ्या बहुतेक लॉर्डांना संसदेतून घरी पाठवलं तेव्हा हे म्हणाले, बरं झालं, आता सुट्टी मागावी लागत नाही. त्याच वर्षी आमचं हिंगोली जिल्हा झालं. मी शिडं आणखी दोन शिवली, किसनच्या भावकीसाठी. मग त्या लोकांनी इंजिनं घेतली. बाजारात निळी-पिवळी प्लास्टिकची तयार ताडपत्री आली आणि माझी सपाट शिलाई मागायला कुणी येईना. प्लास्टिकला पोट सुटतं, पाणी साचतं, फाटतं. लोक फेकून देतात आणि नवी घेतात. कुणाची अब्रू जात नाही. मशीन मी अजून विकलेली नाही, शमीम तिच्यावर गोधड्यांच्या कडा मारते.

एका भादव्यात साहेब आले नाहीत. महिन्याभराने मॅडमकडे पत्र आलं. वाफ्यात काम करताना गेले होते, हातात खुरपं होतं. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटत राहिलं. मशीनच्या त्या खोट्याबद्दल मी कधी त्यांची माफी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहिलो, आणि इंग्रजी जमेना हे निमित्त सोयीचं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, धरण भरलं त्या साली, एलेनॉरबाई आल्या. पन्नाशीच्या, बापासारख्याच उंच. मॅडम तेव्हा बदलून लातूरला गेल्या होत्या, बाई येताहेत एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. बाई दुकानात आल्या, शिडाची खूण केली. मी त्यांना इसापूरला नेलं. किसनकडे जुनं शीड घडी करून ठेवलेलं होतं. बाई नावेत चढल्या त्या दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. तेव्हा कळलं की या मुलीने बापाबरोबर नावेत कधी पाय ठेवला नव्हता. हळूहळू, मला समजेल असं बोलत त्यांनी सांगितलं, की बाबा नेहमी बागेत किंवा पाण्यावर. घरी आले की ओले नाहीतर मातीने भरलेले. तिचा आणि तिच्या आईचा दोन्हींवर राग होता.

मी नाव चालवत होतो. वारा मंद होता. मधोमध आल्यावर त्यांनी विचारलं, की इथे नावेत बाबा तुमच्याशी काय बोलायचे?

माझं इंग्रजी पन्नास शब्दांचं. त्यातले खरे शब्द शोधले. “नो टॉकिंग, मॅडम,” मी म्हटलं. “स्लीपिंग.”

बाई हसल्या. इतक्या हसल्या की नाव हलली. मग त्यांचं हसणं थांबलं. म्हणाल्या, घरी त्यांना झोप यायची नाही. लहानपणी मी खिडकीतून पाहायची तर ते कंदील घेऊन बागेत फिरत असायचे. मी माझ्या बापाला झोपलेलं कधी पाहिलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “कुठे?”

मी पुढची फळी दाखवली. त्या हळूच तिकडे सरकल्या, डोलकाठीला पाठ टेकून बसल्या आणि पाय पसरले.

काठ जवळ आला होता. मी दांडा ढकलला आणि आणखी एक फेरी घेतली.